बिनबाहीचं झंपर

कोल्हापूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. रुद्राणी,

पत्रात आशीर्वाद पहिल्या ओळीत लिहायचे असतात. या खेपेला ते माझ्याकडंच राहू देत.

काल फोनवर मी म्हणालो, "आजपासनं तुझ्याशी बोलणार न्हाई," आणि फोन कट केला. शब्द दिला तो दिला. पण लिहिणार नाही असं मी म्हणालो नव्हतो. पोस्टातली बाई म्हणाली, स्पीड पोस्टानं जर्मनीला आठ-दहा दिवसांत जाईल. तोवर माझा राग टिकेल, काळजी करू नकोस.

इथं काय झालं ते तुला माहीतच नाही, कारण मी सांगायच्या आधी ओरडायला लागलो. तर ऐक.

मागच्या रविवारी आपल्या मृत्युंजयनं तुझ्या पेजवर काहीतरी वाचलं. तुझा हा चुलतभाऊ फ्लेक्स छापतो, त्यामुळं घरात कुणाचं जरा भलं झालं की त्याचे हात शिवशिवतात. पळतच दुकानात आला. "काका, दीदी सेक्रेटरी झाली! नॅचरिस्ट संघटनेची!"

"नॅचरिस्ट म्हंजे?"

"नेचर म्हंजे निसर्ग की. झाडं लावत असणार."

तुझी आव्वा म्हणाली, "झाडं न्हाईत. ते पोटावर मातीचा लेप लावत्यात बग, औषध देत न्हाईत, तसलं असणार." मला तुझं दिवाळीतलं बोलणं आठवलं. तू म्हणाली होतीस, "आप्पा, सुट्टीला मी तळ्याकाठी जाते, निसर्गात. लई मोकळं वाटतं." मला तेव्हा किती बरं वाटलं होतं.

मग काय, चौकात दहा बाय आठचा बोर्ड लागला. मागं धबधबा, दोन्ही कोपऱ्यांत मोर. मध्ये तुझा पदवीचा फोटो, गळा बंद, बाही मनगटापर्यंत. वर लिहिलं, "कोल्हापूरच्या कन्येचा जर्मनीत झेंडा! कु. रुद्राणी वीरभद्र हुक्केरी यांची नॅचरिस्ट संघटनेच्या सचिवपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुक म्हणून आपल्या बोळातलं तालीम मंडळ, आपलं मल्लिकार्जुन टेलर्स आणि समस्त हुक्केरी परिवार. तालमीचे वस्ताद उदयसिंह स्वतः दुकानात आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पोरीनं नाव काढलं." मी सगळ्या बोळात पेढे वाटले. तीन दिवस मी चौकातनं मुद्दाम दोन-दोनदा जात होतो.

चौथ्या दिवशी गणपतराव सर पँटची कंबर ढिली करायला आले. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस. पँट टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले.

"वीरभद्र, तो बोर्ड कुणी लावला?"

"आम्हीच की सर. का? स्पेलिंग चुकलंय काय?"

"स्पेलिंग बरोबर हाय. तीच अडचण हाय."

मग त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि सांगितलं. हे लोक एकत्र जमतात. बाया, बापे, म्हातारी माणसं, सगळी. आणि अंगावर कपडे घालत नाहीत.

"पोहायला?" मी विचारलं.

"पोहायला, जेवायला, गप्पा मारायला, पत्ते खेळायला."

"पत्ते खेळायला सुदिक?"

रुद्राणी, मला एवढंच विचारता आलं. हातातली कात्री खाली पडली, तिचं टोक वाकलं. गणपतरावांनी फोनमध्ये शब्दकोश काढून दाखवला, मला तो वाचताच येईना, अक्षरं हलत होती. भर दुपारी मी त्रेसष्ट वर्षांचा माणूस शिडी लावून चौकात चढलो आणि बोर्ड उतरवला. पानवाल्यानं खालनं विचारलं, "मालक, काढलासा का?" मी म्हणालो, "मुदत संपली."

मी शिंपी आहे. माझ्या बापानं माणसं झाकली, मी माणसं झाकली, त्यावर हे घर उभं राहिलं. दुसऱ्या कुणाच्या पोरीनं हे केलं असतं तर मी म्हणालो असतो, परदेशाचं वारं. पण तू? जिच्यासाठी मी इतकी वर्षं...

जाऊ दे. हबकलोय मी. पुढचं सुचत नाही.

आप्पा


कोल्हापूर,
बुधवार, १२ फेब्रुवारी

रुद्राणी,

पहिलं पत्र अजून मुंबईलाही पोचलं नसेल, तरी दुसरं लिहितोय. घरात बोलायला कुणी नाही. तुझी आव्वा स्वयंपाक करते, वाढते आणि भांडी घासायला जाते. मी म्हणालो, "शिवलीला, तुला धक्का बसला न्हाई?" तर म्हणाली, "बसला. पर तुमच्याएवढा न्हाई." याचा अर्थ काय, ते तिनं सांगितलं नाही.

बोळात बातमी फुटलीच. फोन काय एकट्या गणपतरावांकडं आहे? काल वस्ताद आले, दोन लंगोटांचं कापड घेऊन. बाकावर बसले आणि मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "वीरभद्र, माझी पोरं खासबागंच्या मैदानात हजारो माणसांम्होरं लंगोटावर उभी ऱ्हात्यात. त्यांस्नी कुणी नागडं म्हणत न्हाई. का?"

"लंगोट असतोय की."

"किती रुंद असतोय?"

"म्होरं चार बोटं."

"मंजे सगळी अब्रू चार बोटांत बसली म्हण की!"

ते चेष्टेनं बोलले, पण त्या दिवशी मला एक लंगोट धड शिवता आला नाही. आयुष्यभर मी लाल मांजरपाटाच्या त्या चार बोटांवर पोट भरलं आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नागडं कुठं सुरू होतं? चार बोटं असली तर पैलवान, तीन असली तर? आपल्या रस्त्यानं दिगंबर मुनी महाराज विहार करत जातात, तेव्हा मीसुद्धा दुकानातनं उतरून हात जोडतो. माझ्या मनात काही वावगं येत नाही. पण त्यांनी घर सोडलं, अन्न मोजून घेतात, सगळंच सोडलं. तू काय सोडलंस? तुझा फ्लॅट आहे, गाडी आहे, दर महिन्याला तू आव्वाला कसल्या तरी क्रीमच्या बाटल्या पाठवतेस.

म्हणून सरळ विचारतो. तू त्यांची सचिव आहेस तर उत्तर दे. याची व्याख्या काय? कशाला धरता, कशाला धरत नाही? न्हाणीघरात आपण सगळेच उघडे असतो, ते धरतात का? बसता कशावर? थंडी वाजली तर काय करता? त्या पुरुषांच्या डोळ्यांत काय असतं?

आणि शेवटचं. तिथं तुला बघून कुणी काही म्हणत नाही?

आप्पा


कोल्हापूर,
गुरुवार, २७ फेब्रुवारी

रुद्राणी,

काल महाशिवरात्र. आव्वा पूजा करून उठली आणि तिच्या फोनवर तुझी चार पानं आली, हातानं लिहून फोटो काढलेली. तिनं चष्मा लावून मोठ्यानं वाचली.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, उकार लांब ओढायची सवय.

तू लिहिलंस की तुमच्याकडं सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावरनं होतात आणि नव्या माणसाला नियमांचा कागद पाठवायचं काम तुझं आहे. एकट्यानं न्हाणीघरात उघडं असणं तुम्ही धरत नाही, चारचौघांत धरता. कुणाला दाखवायला, कुणाला चेतवायला जो उघडा होतो त्याला त्याच दिवशी हाकलता. कुणी फोटो काढला तरी हाकलता. बसताना ज्याचा त्याचा टॉवेल. थंडी वाजली तर स्वेटर घालता आणि त्यानं कुणी बाटत नाही. वाचून आव्वा म्हणाली, "टॉवेलाचा नियम बरा हाय."

मग तू त्या म्हाताऱ्याचं लिहिलंस. क्लाउस, निवृत्त सुतार, सत्तरीचे. तीन महिने दर शनिवारी यायचे आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालून बसायचे. लोक कुरकुरले, हा कसला नॅचरिस्ट, हा तर बघ्या आहे, याला काढा. तुमची बैठक झाली आणि तू सचिव म्हणून वहीत लिहिलंस, "जो लपणं सोडायला आला आहे तो आपला. कधी सोडायचं ते त्याचं तो ठरवेल." चौथ्या महिन्यात त्यांनी शर्ट काढला. छातीपासून बेंबीपर्यंत ऑपरेशनचा व्रण होता. तू लिहिलंस, "कुणी वर बघितलं नाही आप्पा. पत्ते वाटले."

हे ऐकून मला काय झालं ते इथं लिहीत नाही.

आणि चौथ्या पानावर तू तो शब्द लिहिलास. कोड. आपल्या घरात पंचवीस वर्षं तो शब्द कुणी तोंडातनं काढला नव्हता. आव्वा वाचताना अडखळली, पण वाचला तिनं. माझ्या कानावर कुणीतरी थापड मारल्यासारखं झालं.

तू नऊ वर्षांची होतीस. फ्रॉकच्या मापाला उभी केली आणि तुझ्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, रुपयाएवढा पांढरा डाग दिसला. मग दंडावर, मग कोपराला. डॉक्टरांनी सांगितलं, हे लागत नाही, दुखत नाही, यानं काही बिघडत नाही. मी मान हलवली आणि घरी येऊन तुझ्या सगळ्या फ्रॉकना लांब बाह्या लावल्या. शाळेच्या गणवेशाला लांब बाही चालत नव्हती तर मी बाईंना जाऊन भेटलो, म्हणालो, उन्हाची ॲलर्जी आहे. मापवहीत तुझं पान आहे. नऊ वर्षांपासून पंचवीसपर्यंत उंची बदलते, छाती बदलते, आणि दर वर्षी मी पुढं लिहिलंय, "बाही मनगटापर्यंत, गळा बंद." कोल्हापूरच्या मे महिन्यात तुला घाम यायचा तेव्हा मी मलमल शोधून आणायचो. माझ्या दृष्टीनं ती माया होती.

तू लिहिलंस, "आप्पा, तळ्याकाठी पहिल्या दिवशी माझ्या पाठीला वारा लागला. वयाच्या एकतिसाव्या वर्षी. मी रडले, आणि शेजारची बाई म्हणाली, थंडी वाजते का?"

सोळा वर्षं मी जे शिवत बसलो, ते तुला एका वाऱ्यानं उसवावंसं वाटलं, हे मी कसं पचवू?

आप्पा


कोल्हापूर,
रविवार, ९ मार्च

रुद्राणी,

तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींना मी मागच्या वेळी मुद्दाम उत्तर दिलं नाही. आता देतो. तू लिहिलंस, "अठरा मेला मृत्युंजयचं लग्न आहे. मी येईन. पण लांब बाही घालून आठ वर्षांनी घरी येणार नाही. बिनबाहीचं झंपर घालेन. तुम्ही शिवाल का? नाही शिवलंत तर मी येत नाही, आणि परत विचारणारही नाही."

माझं उत्तर नाही असं आहे.

तू तुझ्या तळ्याकाठी काय वाटेल ते कर, ते हजारो मैल लांब आहे. पण लग्नात निपाणीचे पाहुणे येणार, हुपरीहनं माझी मोठी बहीण येणार, चारशे माणूस जेवणार. २०१६ साली एकदा तू हे केलंस. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं पोह्यांची बशी ठेवलीस आणि माझ्यादेखत बाही कोपराच्या वर सरकवून म्हणालीस, "हे आधी बघून घ्या." पाहुणे पोहे न खाता उठले. सोळा वर्षं मी सांभाळलेलं तू एवढ्याशा वेळात मोकळं केलंस. मी तुला त्या दिवशी जे बोललो ते बापानं बोलू नये असं होतं, आणि वर्षभरात तू गेलीस.

हे पत्र आव्वाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, "पोरगी आली न्हाई तर मीबी लग्नाला येणार न्हाई. आन् मग समद्यांम्होरं का येणार न्हाई ते सांगीन. समदं सांगीन."

"काय सांगशील?"

"तुमास्नी ठावं हाय."

शिवलीलानं पस्तीस वर्षांत मला असं कधी धमकावलं नव्हतं. मी दुकानात येऊन बसलोय.

आप्पा


कोल्हापूर,
रविवार, २३ मार्च

रुद्राणी,

हे पत्र तू एकटीनं वाच.

शर्ट घातलेला तो म्हातारा माझ्या डोक्यातनं जात नाही. कटिंगला बसलो की तो टेबलापलीकडं येऊन बसतो, गळ्यापर्यंत बटणं लावून. मी ज्या माणसाला कधी बघितलं नाही त्याच्या शर्टाची कॉलर कशी असेल हेसुद्धा मला दिसतं.

तू मला कधी बिनशर्टाचा बघितलंस का? आठवून बघ. उन्हाळ्यात बोळातले सगळे पुरुष कट्ट्यावर उघडे बसायचे, मी बंडी घालून बसायचो. तालमीतले लोक म्हणायचे, वीरभद्र, एवढे लंगोट शिवतोस, एकदा आखाड्यात तर उतर. मी हसून टाळायचो. नृसिंहवाडीला दर वर्षी गेलो, सगळे संगमावर आंघोळ करायचे आणि मी पायरीवर बसून पाय धुवायचो. तू लहान होतीस तेव्हा विचारायचीस, "आप्पा, तुम्हाला पाण्याची भीती वाटते?" मी हो म्हणायचो.

माझ्या कमरेवर कोड आहे. कमरेपासून डाव्या बरगडीपर्यंत, आता तर पाठीवरही चढलंय. १९९६ साली पहिला डाग आला. तुझ्या आधी चार वर्षं.

वाचलंस ना? मी लिहिलं, आणि छत पडलं नाही. त्याचंच मला नवल वाटतंय.

तेव्हा दुकान नवं होतं. मी वेड्यासारखा घाबरलो. वाटलं, लंगोट अंगाला लागतो, पैलवान म्हणतील याच्या हातचा नको. डॉक्टरनं तेव्हाही सांगितलं होतं की हे लागत नाही. मला ठाऊक होतं. पण लोकांना कोण सांगणार, असं म्हणून मी स्वतःलाही सांगितलं नाही. तुझ्या आव्वाचे पाय धरले, म्हणालो, कुणाला बोलू नको, दुकान बुडेल. ती बोलली नाही.

खरी लाज पुढं आहे. तुला डाग आला तेव्हा आक्का हुपरीहनं आली होती. सोप्यात बसून, सगळ्यांच्या देखत, आव्वाला म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं कवा न्हवतं. तुझ्या म्हायेरचं हाय हे." डॉक्टर म्हणतात कुणाकडनं आलं ते असं बोट दाखवून सांगता येत नाही. पण आक्कानं बोट दाखवलं. मी तिथंच मशीनवर होतो. तुझ्या आव्वानं एकदा माझ्याकडं बघितलं. आणि मी मशीन चालवत राहिलो, रुद्राणी. लांब बाहीच शिवत होतो.

त्यानंतर पंचवीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तिनं ते ऐकलं. तिचा भाऊ आपल्याकडं यायचा बंद झाला तो त्यामुळंच. तुला वाटायचं मामा माणूसघाणा आहे. तूसुद्धा एकदा चिडून आव्वाला म्हणाली होतीस, "तुझ्यामुळं झालंय हे." तेव्हाही ती गप्प राहिली आणि मी बटण लावत होतो.

तुझ्या बोर्डानं मला धक्का बसला असं मी तुला लिहीत आलो. पण खरं सांगायचं तर तू कपडे काढलेस याचा तो धक्का नव्हता. तू भ्यायली नाहीस, त्याचा होता. आव्वाला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मला शिव्या घालायच्या असतील तर घाल. पण आव्वाला आजच फोन कर.

आप्पा


कोल्हापूर,
सोमवार, १४ एप्रिल

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

तू आव्वाशी तास-दीड तास बोललीस. काय बोललात ते तिनं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नंतर ती न्हाणीत तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. माझ्यासाठी तू एकच निरोप दिलास, "आप्पांना सांग, मी अजून चिडलेली आहे." बरोबर आहे. चिडच.

आता काल काय झालं ते लिहितो.

काल आम्ही नृसिंहवाडीला गेलो. आव्वा म्हणाली, "चला," आणि माझ्या पिशवीत टॉवेल टाकला. मी म्हणालो, टॉवेल कशाला? ती म्हणाली, "पोरीचा नियम हाय न्हवं, ज्याचा त्याचा टॉवेल." आणि हसली. ती हसली हाच मला आधी धक्का.

दुपारचे बारा, सुट्टीची गर्दी, सगळा घाट भरलेला. मी नेहमीच्या पायरीवर बसलो. पहिलं बटण काढलं. दुसरं काढलं. तिसऱ्याला अडलो. मी आयुष्यात लाखभर बटणं लावली असतील, माझ्याच्यानं एक निघेना. आव्वा पुढं झाली आणि बाकीची तिनं काढली, लहान पोराची काढावीत तशी. शर्ट निघाला, बंडी निघाली. पाठीला ऊन लागलं. एकोणतीस वर्षांनी.

मी डोळे मिटून उभा राहिलो. आता कुणीतरी ओरडेल, आता कुणीतरी पोराला बाजूला ओढेल. आव्वानं तांब्या भरून माझ्या पाठीवर ओतला आणि हातानं डाग चोळले, भांडं घासल्यासारखे.

डोळे उघडले तर शेजारचा शिरोळचा एक पावणा मला म्हणाला, "मालक, जरा सरकतायसा काय? माझी चप्पल तुमच्या धोतराखाली अडकलीया."

बस. एवढंच. त्यानं पाठीकडं बघितलं असेल, नसेलही. चप्पल घेऊन गेला. मी तिथंच मटकन खाली बसलो आणि रडलो, बायकोपुढं, माणसांपुढं, उघडाच. रुद्राणी, ज्यांना मी एकोणतीस वर्षं भ्यालो ते बघणारे कोण होते? मी घाटावर सगळीकडं शोधले, एकही सापडला नाही.

येताना हुपरीला उतरलो. आक्का चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडत बसली होती. मी बसलो नाही. दारातच शर्ट वर केला आणि पाठ दाखवली. म्हणालो, "आक्का, शिवलीलाच्या माहेरचं न्हाई. हे बग. आपल्या घरचं हाय, माझ्या अंगावर, रुद्राणीच्या आधीचं."

आक्काच्या हातातली पक्कड खाली पडली. आधी माझ्या पाठीकडं बघितलं, मग तुझ्या आव्वाकडं. तिला म्हणाली, "आन् तू हे समदं ऐकून घेतलंस? पंचवीस वर्सं?"

आव्वा म्हणाली, "घेतलं. आता न्हाई."

आक्कानं उठून तिला आत नेलं, पाटावर बसवलं, हळदी-कुंकू लावलं. माफी मागितली की नाही मला माहीत नाही, मी बाहेर होतो. बसमध्ये आव्वानं खिडकीची जागा घेतली आणि सगळ्या वाटेवर बाहेर बघत राहिली. कोल्हापूर आल्यावर म्हणाली, "उद्या माझ्या भावाला फोन करा. तुम्ही स्वतः."

आज सकाळी केला. तो लग्नाला येणार आहे.

दुपारी दुकानात मृत्युंजयनं तुझा तो फ्लेक्स गादीखालनं काढला, मला विचारून. म्हणाला, "काका, टाकू काय?" मी म्हणालो, ठेव, शब्द बरोबर होता, आपल्यालाच माहीत नव्हता.

आता कामाचं. मापवहीत तुझ्या पानावर "बाही मनगटापर्यंत" या ओळी मी काल रात्री खोडल्या, सतरा ठिकाणी. कापड आव्वानं निवडलंय, इरकल, गर्द हिरवं, तांबड्या काठाचं. मी कापलंय. बाही नाही. पाठीचा गळा खोल ठेवलाय, खांद्याच्या हाडाच्या खालपर्यंत, जिथं पहिला डाग होता तिथवर. कापताना कात्री दोनदा थांबली, खोटं कशाला बोलू. पण कापलं.

फक्त कच्चा टाका घातलाय. माप आठ वर्षांपूर्वीचं आहे आणि आजवर मी कुणाचंच झंपर ट्रायल घेतल्याशिवाय पक्कं केलेलं नाही. दुकानाच्या दर्शनी खुंटीवर टांगून ठेवलंय, येणारा-जाणारा बघतो. वस्तादांनी मघाशी विचारलं, "कुणाचं रं हे?" मी म्हणालो, "माझ्या पोरीचं."

ट्रायलला ये.

तुझा,
आप्पा